काटा शून्याच्या मागे

माझे बाबा रोज सात मजले पाणी चढवायचे, आणि आमच्या घरात पाणी आईच्या डोक्यावरून यायचं. कुणी कीव करावी म्हणून हे लिहीत नाही. होतं ते असं होतं. आम्ही घाटकोपरला डोंगरावर राहायचो, अगदी वरच्या गल्लीत. नळ खाली, मध्ये उभ्या पायऱ्या, आणि आमच्या उंचीपर्यंत यायची पाण्यात ताकदच नव्हती. आई दोन हंडे आणायची, मी दोन कॅन. शाळेत माझा गणवेश डाव्या बाजूने नेहमी ओला असायचा, कारण जड कॅन त्या हाताला. बाई विचारायच्या, पडलीस का कुठे? मी हो म्हणायचे. पाणी भरते म्हणून सांगायला लाज वाटायची. आज वाटत नाही.

बाबा मुलुंडच्या एका सोसायटीत पंप ऑपरेटर होते. माझे आजोबा कोकणातून गिरणीत आले, गिरणी बंद पडली, आणि बाबांची शाळा सातवीत सुटली. त्यानंतर त्यांनी हमाली केली, वॉचमनकी केली, आणि शेवटी हे पंपाचं काम मिळालं. सोसायटीतले लहानमोठे सगळे त्यांना मामा म्हणत. पालिकेचं पाणी पहाटे जमिनीखालच्या टाकीत यायचं, आणि बाबांनी ते दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी चारला, गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. बटण दाबलं की झालं, असं वरच्या लोकांना वाटायचं. बाबांना तसं वाटत नसे. त्यांच्या लेखी तो पंप म्हणजे दावणीचा बैल होता.

शिकवलं मात्र त्यांना कुणीच नव्हतं. आधीचा ऑपरेटर एका आठवड्यात गावी निघून गेला. जाताना एवढंच सांगून गेला की निळा पाईप ओढतो, लाल पाईप ढकलतो. बाबांनी ते पाठ केलं. दर दसऱ्याला ते पंप घासूनपुसून काढायचे, ओढणाऱ्या पाईपला निळा आणि ढकलणाऱ्याला लाल ऑइलपेंट जाडजूड मारायचे, मग झेंडूची माळ, नारळ. आणि मला सोबत न्यायचे, कारण माझं अक्षर चांगलं. पाचवीत असल्यापासून दर दसऱ्याला मी त्या पाईपांवर बारीक ब्रशने पांढऱ्या रंगात ‘सक्शन’ आणि ‘डिस्चार्ज’ असं लिहीत आले. अर्थ विचारला तर बाबा म्हणायचे, घेणारी बाजू नि देणारी बाजू. परीक्षेत पुढे हेच जरा लांबवून लिहिलं तर पूर्ण मार्क मिळाले.

आता त्या काट्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

बाबा कामाला लागले तेव्हा निळ्या पाईपवर दाब दाखवणारं एक पितळी गेज होतं, काचेच्या आत काटा असलेलं. लाल पाईपवरही तसंच एक. लालवरचा काटा पंप सुरू झाला की शहाण्यासारखा पुढे जायचा. निळ्यावरचा मात्र शून्याच्या मागे सरकायचा. बाबांनी दोन-तीन महिने पाहिलं आणि निष्कर्ष काढला की हे गेज बिघडलेलं आहे. बिघडलेली वस्तू आपल्या पंपावर नको. तेव्हाच्या सेक्रेटरींना विचारून त्यांनी ते काढलं, भोकात लोखंडी प्लग बसवला, वरून रंग मारला आणि गेज घरी आणलं. घरी ते माझ्या वह्यांवर बसलं. पंख्याच्या वाऱ्याने पानं उडायची, आणि त्या वजनाची दुसरी वस्तू आमच्याकडे वरवंटा होती, तो आईला लागायचा. दहावी, डिप्लोमा, मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा सगळा अभ्यास मी त्या गेजखाली पानं दाबून केला. मेकॅनिकल शाखा घेतली तेव्हा गल्लीतल्या एका काकूंनी आईला विचारलं होतं, पोरगी गॅरेज काढणार का? आई म्हणाली, काढील, तुमची गाडी असेल तर आणा.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा सोसायटीने पूर्ण इमारत रंगवायला काढली. रंगाऱ्यांनी पंपरूमही सोडली नाही. तारेच्या ब्रशने पाईपांवरचे वर्षानुवर्षांचे थर खरवडले आणि सगळ्यावर एकच पातळ राखाडी रंग फवारला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत धड. ओढणारी कुठली, ढकलणारी कुठली, आता ओळखायचं कसं, एवढंच म्हणत राहिले. त्या वर्षी दसऱ्याला त्यांनी नुसती माळ घातली. रंग मारला नाही, आणि माझं अक्षरही लागलं नाही.

आठवड्याभरात पंप बिघडला. म्हणजे पूर्ण बंद नाही पडला. सकाळी ठणठणीत चालायचा. दुपारी चारला सुरू केला की थोडा वेळ पाणी चढायचं, मग आवाज बदलायचा, पोटात खडे खुळखुळावेत तसा, आणि पाणी चढणं थांबायचं. मोटर फिरतेय, पाणी नाही. याला पंपाने हवा धरली म्हणतात. मग पंप बंद करून वरच्या तोंडाने बादलीने पाणी भरायचं, आतली हवा घालवायची आणि पुन्हा सुरू करायचा. बाबा एका दुपारी हे चार-चारदा करायचे. संध्याकाळी वरच्या मजल्यांवर नळ कोरडे. लोक गॅलरीतून हाका मारायचे, मामा, झोपलात काय?

कमिटीने मेकॅनिक बोलावला. तो सकाळी यायचा, त्याच्या सोयीने. सकाळी पंप झकास चालायचा. त्याने लाल बाजू सगळी तपासली, गच्चीपर्यंत पाईप पाहिला, व्हॉल्व्ह बदलला. कुठे थेंब गळत नव्हता. शेवटी नवा पंप बसवला. दुपारी तोही हवा धरायला लागला. तेव्हा मेकॅनिकने सेक्रेटरींना सांगितलं की मशीनमध्ये काही नाही, चालवणाऱ्यात आहे. मामा वेळेवर सुरू करत नाहीत आणि मग हवेचं नाव पुढे करतात.

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते. पण सात मजल्यांचे फोन त्यांना येत होते. त्यांनी बाबांना बोलावून सांगितलं की या महिन्यानंतर काम एजन्सीला देतोय. बाबांनी हे आम्हाला तीन दिवसांनी सांगितलं. तेही आईने विचारलं म्हणून, की डबा भरलेलाच परत का येतो?

बाबांची नोकरी गेली असती तर माझं शेवटचं वर्षही गेलं असतं. एवढं ते सरळ होतं. पन्नाशीच्या, सातवी शिकलेल्या माणसाला, आळशी म्हणून काढलं अशी वदंता मागे असताना, दुसरं पंपाचं काम कोण देणार होतं?

त्याच आठवड्यात आमचं एसीचं प्रॅक्टिकल होतं. सरांची शिकवायची एक रीत होती. मशीन चालू केलं की आधी पाईपांना हात लावायला लावायचे. कॉम्प्रेसरकडे येणारा पाईप थंड, घाम आलेला, तो सक्शन. कॉम्प्रेसरमधून निघणारा तापलेला, त्याला हात जवळ नेऊनच कळायचं, तो डिस्चार्ज. त्या दिवशी गॅस भरण्याआधी त्यांनी व्हॅक्यूम पंप लावून यंत्रातली सगळी हवा ओढून काढली, आणि आम्हाला गेज बघायला सांगितलं. काटा शून्याच्या मागे जायला लागला. डायलवर तिकडेही आकडे होते, लाल रंगात.

मी वही बंद केली. ते आकडे मी दहावीपासून रोज बघत होते. माझ्या वह्यांवर.

सर सांगत होते, काटा मागे गेला म्हणजे आत बाहेरच्यापेक्षा कमी दाब आहे. अशा ठिकाणी सांधा सैल असेल तर बाहेर काही येणार नाही, बाहेरची हवा आत जाईल. "दाबाच्या बाजूची गळती तुम्हाला दिसेल. ओढीच्या बाजूची दिसणार नाही, ती शोधावी लागते," असं ते म्हणाले. मी विचारलं, सर, पाण्याच्या पंपालाही असंच का? ते म्हणाले, टाकी पंपाच्या खाली असेल तर अगदी असंच. आणि पाणी जितकं खाली जाईल तितकी ओढ वाढेल.

पाणी जितकं खाली जाईल तितकी. सकाळी टाकी भरलेली, पाणी वर, ओढ कमी. दुपारी टाकी अर्ध्याखाली, ओढ जास्त. आणि मेकॅनिक येतो सकाळी. मला तिथेच उभ्या उभ्या सगळं कळलं, आणि हेही कळलं की ते भोक कुणी बुजवलंय.

घरी आल्यावर मी गेज हातात घेऊन बाबांसमोर बसले. म्हटलं, हे बिघडलेलं नव्हतं. ओढणाऱ्या बाजूचा काटा मागेच जातो. आणि तुम्ही बसवलेल्या प्लगमधून हवा शिरत असणार. इतकी वर्षं तुमचा दसऱ्याचा रंग ती अडवत होता, आता रंगाऱ्यांनी तो खरवडलाय.

बाबांनी भाताचा घास तसाच ठेवला. घरात ते मालवणीतच बोलायचे, रागावले की जास्तच. "ता माझ्या हातचा काम," ते म्हणाले. "एक थेंब गळलेलो दाखव, मिशी काढून ठेवतंय."

मी म्हटलं, थेंब गळणारच नाही बाबा, तेच तर सांगतेय. ते म्हणाले, मग गळत नाही त्याला गळती म्हणायला तुमच्या कॉलेजात शिकवतात वाटतं. वर हेही म्हणाले की नवा पंप बसवणाऱ्या मेकॅनिकला दिसलं नाही ते इंजिनियरबाईंना घाटकोपरला बसून दिसलं. आणि उठून गेले. मला राग आला नाही असं नाही. पण त्यांचंही बरोबर होतं. इतकी वर्षं त्यांनी तो सांधा कोरडा ठेवला होता, आणि कोरडा सांधा म्हणजे चांगला सांधा, हेच त्यांना जगाने शिकवलं होतं.

आई भांडी आवरत होती. मान वर न करता म्हणाली, "तुका येता मां? मगे जा नि बघ. त्येंका काय इचारतंस?"

मग मी विचारत बसले नाही. सेक्रेटरींना फोन केला. म्हटलं, रविवारी मेकॅनिकला बोलवा, पण दुपारी चारला. ते म्हणाले, तो सकाळी येतो. मी म्हटलं, काका, पंप सकाळी बंद पडतच नाही, मग सकाळी येऊन तो काय बघणार?  मग म्हणाले, ठीक आहे, चारला. पण हे शेवटचं.

रविवारी बाबा कामावर होतेच. मला पंपरूमच्या दारात बघून त्यांनी तोंड फिरवलं. सेक्रेटरी आले, मेकॅनिक आला, वरच्या मजल्यावरचे दोघंजण काय चाललंय बघायला आले. टाकीचं झाकण उघडून मी पाणी पाहिलं, बरंच खाली गेलं होतं. बाबांनी पंप सुरू केला. पाणी चढायला लागलं.  थोड्याच वेळात ती खड्यांची खुळखुळ सुरू झाली.

पंपरूमच्या कोनाड्यात गणपतीची तसबीर होती, बाबा रोज तिथे उदबत्ती लावायचे. मी पुड्यातली एक काढून पेटवली. मेकॅनिक हसला. "ताई, आता पूजेने चालवणार काय?"

 उदबत्ती आधी लाल बाजूच्या, म्हणजे आता राखाडी झालेल्या त्या पाईपच्या सांध्यांपाशी नेली. धूर सरळ वर. मग ओढणाऱ्या बाजूला. जोडाशी सरळ वर. पंपाच्या तोंडाशी सरळ वर.  मग प्लगपाशी आले. धूर वर चढला, थबकला, आणि वाकून प्लगच्या कडेत शिरला. एक बारीक रेघ, सरळ आत. उदबत्ती बाजूला नेली की धूर वर, जवळ आणली की आत.

मेकॅनिक पुढे आला आणि वाकून बघू लागला. आता हसत नव्हता. मी हात धुवायच्या साबणाची ओली वडी घेतली, बोटांनी मऊ करून प्लगभोवती दाबून बसवली. बाबांनी पंप बंद करून बादलीने पाणी भरलं, पुन्हा सुरू केला. थोडा वेळ खुळखुळला, मग आवाज भरत गेला, गोल झाला. खडे गेले. आम्ही ऐकत राहिलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. बघायला आलेल्यांतला एक गच्चीवर गेला होता, त्याने वरून ओरडून सांगितलं, पाणी जोरात पडतंय.

सेक्रेटरींनी विचारायचं तेच विचारलं. हा प्लग कुणी लावला?

मला वाटलं होतं हे विचारतील. आदला दिवसभर मी ठरवत होते की म्हणायचं, जुना असेल, माहीत नाही. मेकॅनिकने नवा पंप बसवताना प्लगला हात लावला असेल, असंही सांगता आलं असतं. मी तोंड उघडणार होते, पण बाबा आधी बोलले.

"मी लावला साहेब. गेज बिघडलंय असं समजून काढलं. ते चांगलं होतं. चूक माझी."

 पंप चालू होता. बाबांनी स्वतःहून पुढे सांगितलं, की काटा मागे जातो म्हणजे काय ते त्यांना आजवर ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं तर विचारायला हवं होतं. माझ्याकडे हात करून म्हणाले, हिने परवा सांगितलं, तेही मी ऐकलं नाही. मी पिशवीतून गेज काढलं आणि सेक्रेटरींच्या हातात दिलं. ते उलटसुलट करून बघत राहिले. मग म्हणाले, कमिटीपुढे ठेवतो.

तो आठवडा लांब गेला. पुढच्या रविवारी निरोप आला की मामांचं काम मामांकडेच राहील. कमिटीने दोन गोष्टी सांगितल्या. गेज पुन्हा बसवायचं, आणि मामांनी रोज दोन्ही काट्यांचे आकडे वहीत लिहायचे. सेक्रेटरी बाबांना म्हणाले, मेकॅनिकने चार वेळा येऊन सांगितलं नाही ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत, आम्हाला असाच माणूस पंपावर हवाय.

गेज आम्ही दोघांनी मिळून बसवलं. प्लग काढला तेव्हा दिसलं, त्याचे आटे तिरके गेले होते, सुरुवातीलाच. बाबांनी ते बराच वेळ अंगठ्याने चाचपले. मग गेजच्या आट्यांवर त्यांनी सूत गुंडाळलं, फटी बुजवायचा सफेदा लावला, आणि पान्हा माझ्या हातात दिला. मी आवळलं. त्यांनी पंप सुरू केला आणि काटा शून्याच्या मागे गेला. बाबा त्याच्याकडे बघून मानेने हो म्हणाले, जसं ओळखीच्या माणसाला म्हणतात.

घरी आईने विचारलं, मिशीचं काय झालं? बाबा म्हणाले, "थेंब खय गळलो? हवा गेली आत. मिशी ऱ्हवतली." आणि मिशीला पीळ दिला.

पुढच्या दसऱ्याला त्यांनी कमिटीची परवानगी काढून पाईप पुन्हा निळा आणि लाल केला. अक्षरं मीच काढली. त्यांच्या वहीतले आकडे मी अधूनमधून बघायचे. शून्याच्या मागचा आकडा लिहिताना वजाची रेघ ते इतकी ठळक ओढायचे की पुढच्या पानावर उमटायची.

मी आता अंधेरीच्या एका रुग्णालयात एसी प्लांटची प्रमुख आहे. कामावर नवीन कुणी आलं की मी आधी पाईपांना हात लावायला लावते, कुठली बाजू घेते आणि कुठली देते ते न बघता सांग म्हणते. मग सक्शनच्या गेजसमोर उभं करते आणि विचारते, हा काटा मागे गेला तर काय समजाल? बिघडलंय म्हणणारे निघतात. मी त्यांना हसत नाही. माझ्या घरी असंच एक गेज वर्षानुवर्षं वह्यांवर ठेवलेलं होतं.

बाबांना कुणी काढलं नाही. वय झालं तेव्हा ते त्याच सोसायटीतून स्वतःहून निवृत्त झाले, आणि शेवटच्या दिवशी पंपरूमची चावी आणि आकड्यांच्या वह्या त्यांनी नव्या ऑपरेटरला शिकवून मग दिल्या. मी पहिल्या वर्गात पदवी घेतली, आमच्या घरातली पहिली. आम्ही आता मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आई स्वयंपाकघरातला नळ सोडते आणि पाणी येतं.